तिहाईशिवाय पडायचं नाही

यज्ञेश्वर बोरगावकर उज्जैनच्या नापतौल विभागात निरीक्षक होता. दुकानदाराचा किलो खरोखर किलोभर भरतो का ते बघायचं, वजनांवर सरकारी ठसा मारायचा आणि खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, हे त्याचं काम. स्कूटरच्या पायाशी पितळी वजनांची लाकडी पेटी ठेवून तो फ्रीगंजमध्ये शिरला की टावर चौकातले दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग त्याच्यासाठी खुर्ची. त्या खुर्चीवर तो कधी बसला नाही. असा हा गंभीर माणूस वर्षातून एकदा, गणपतीच्या आठव्या दिवशी, आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये चारशे लोकांसमोर गुंडांना बदडून काढायचा. हे १९७३ पासून चालू होतं.

मी त्या नाटकांचा प्रॉम्प्टर. नाव श्रीकांत, नोकरी विद्यापीठाच्या कचेरीत, आणि स्वभाव तिरसट असं लोक म्हणतात. ज्याला चोवीस वर्षं दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं कुजबुजावी लागली आहेत त्याचा स्वभाव आणखी कसा असणार? विंगेतून नाटक दिसत नाही. नटाचा एक कान दिसतो आणि बाजूने पोट दिसतं. यज्ञूचं पोट मी पहिल्या वर्षापासून बाजूने पाहत आलो, तेव्हा त्याच्या वाढीबद्दल माझ्याइतक्या अधिकाराने दुसरं कोणी बोलू शकत नाही.

नाटक दरवर्षी नवं असतं असं मंडळ पत्रिकेत छापायचं. लिहायचा यज्ञूच. एका भोळ्या म्हाताऱ्याचं घर एका गुंडाला हवं असतं, म्हाताऱ्याची मुलगी रडत असते, नायक स्वयंपाकी बनून घरात शिरतो, दोन अंक वरणात मीठ जास्त पडतं, तिसऱ्या अंकात मारामारी होते आणि मग लग्न. एका वर्षी त्याने नायकाला स्वयंपाक्याऐवजी माळी केलं, तर लोकांनी पुढे आठ दिवस तोंडं वाकडी केली. नायिका दर तीन-चार वर्षांनी लग्न होऊन सासरी जायची आणि नवी आणावी लागायची. नायक तोच. १९७३ ची नायिका मीना हिची मुलगी केतकी कॉलेजात गेली आणि १९९५ साली नायिका झाली. यज्ञूने तिच्याशीही स्टेजवर तितक्याच उत्साहाने लग्न केलं. मीना पहिल्या रांगेत बसून दोघांच्या चुका काढत होती.

गुंडही तोच. विलास मोघे, रेल्वेत मालगाडीचा गार्ड. खऱ्या आयुष्यात हा माणूस इतका गरीब की देवास गेटला रिक्षावाल्याशी भाडं ठरवायला बायकोला पुढे करायचा. अलकावहिनी भाडं ठरवायच्या आणि हा मागे पिशवी धरून उभा राहायचा. पण डोळ्यांत काजळ घातलं, गळ्यात रुमाल बांधला आणि एकदा हसला, की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. यज्ञू आणि तो शाळेपासूनचे मित्र. वर्षातून एकदा एकाने मारायचं आणि दुसऱ्याने मार खायचा, याबद्दल दोघांमध्ये कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या वर्षी मारामारी बसवलीच नव्हती. 'करू ऐन वेळी' असं दोघांचं ठरलं होतं. ऐन वेळी यज्ञूचा मुक्का खरोखर बसला आणि विलासचा अर्धा दात स्टेजवर पडला. मीनाने तो प्रसंगावधान राखून कमरेला खोचला आणि पुढचं वाक्य म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमचे तबल्याचे भय्यासाहेब म्हणाले, "तुम्हा दोघांच्या हाताला ताल नाही, म्हणून दात जातात. मारामारी तीनतालात बसवा."

झालं. तेव्हापासून आमची मारामारी तबल्यावर चालायची. सोळा मात्रांचा फेरा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर मुक्का. खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेवर तो चुकवायचा. पळापळ असली की तबल्यावर तिरकिट तिरकिट. आणि शेवटी तिहाई. एकच बोल तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्यांदा शेवटचा 'धा' बरोबर समेवर येऊन पडला पाहिजे. त्या 'धा'वर यज्ञूचा शेवटचा मुक्का आणि त्याच 'धा'वर विलास आडवा. भय्यासाहेबांनी नियम घालून दिला होता, "तिहाईशिवाय पडायचं नाही. आणि तिहाई समेवर आली नाही तर ती तिहाईच नाही." आमच्याकडे पहिल्या दोन रांगांत बसणारे बहुतेक म्हातारे गाणंबजावणं जाणणारे. त्यांचे हात मांडीवर ताल धरत असायचे. मुक्का अर्धी मात्रा मागे पडला तर ते हळहळायचे. गुंड मेला काय आणि जगला काय, त्यांना काही पडलेलं नव्हतं.

सुरुवातीला यज्ञू दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारायचा. खिडकी खोटी असली तरी सहा फुटांवर होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती टेबलावर आली. पुढे टेबलाची खुर्ची झाली. १९९३ साली गुडघ्याचं पाणी काढल्यावर यज्ञूने लाकडी पाट आणला. तो पाटावर चढायचा, खाली बघायचा, कुलदेवतेला हात जोडायचा, नायिकेचा निरोप घ्यायचा आणि सहा इंचांवरून उडी मारायचा. हॉल डोक्यावर घ्यायचे लोक. उडीची उंची जशी खाली आली तशा टाळ्या वर गेल्या, हे मी विंगेतून कानांनी ऐकलेलं आहे.

यज्ञूला याचं कारण पक्कं माहीत होतं. दर रविवारी दुपारी तो आणि विलास देवास गेटजवळच्या एका टॉकीजमध्ये हिंदीत डब केलेले इंग्रजी मारधाडीचे सिनेमे बघायचे. नव्वदनंतर त्या सिनेमांचा पूर आला होता. त्यांतही ज्यात हिरो पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि कटकट करणारा असेल तो सिनेमा हे दोघे दोनदा बघायचे. एकदा मीही गेलो. हिरो गाडीतून उडी मारतो, गाडी उडते, आग लागते, आणि हा कंबर धरून आपल्या जोडीदाराला विचारतो, "भाई, मेरा चश्मा किधर गया?" यज्ञू इतका हसला की पुढच्या माणसाने वळून बघितलं.

बाहेर येऊन पोहे खाताना त्याने मला समजावलं. "बघ श्रीकांत, जवान हिरो भिंतीवरून कुदतो तेव्हा कोणी भिंत बघत नाही. त्याला काय, तो कुदणारच. बुढ्ढा हिरो कुदतो तेव्हा लोकांना आधी भिंत दिसते, मग त्याचे गुडघे दिसतात, मग आपले गुडघे आठवतात. आणि तरी तो साला कुदतो. त्याच्यात मजा आहे यार."

"आणि मार खाणारा बुढ्ढा असला तर?" विलासने विचारलं.

"तर डबल मजा," यज्ञू म्हणाला आणि त्याच्या प्लेटमधली जिलबी उचलली.

मला हे तत्त्वज्ञान तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतं. माझेही गुडघे आता बोलू लागले आहेत.

१९९५ च्या नाटकात एक गोष्ट झाली. ऐन मारामारीत यज्ञूला दम लागला. त्याने विलासला हाताने थांब म्हणून खूण केली, खुर्ची ओढली, बसला, केतकीच्या हातचं पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि उठून उरलेले मुक्के मारले. भय्यासाहेब तेवढा वेळ नुसता ठेका धरून बसले होते आणि विलास मुठी वळून उभा होता. लोक हसून हसून रडले. पण मंडळाचा नवा सेक्रेटरी सुमीत हसला नाही. सुमीत अठ्ठावीस वर्षांचा, टावर चौकाच्या मागे त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि त्याला मंडळ सुधारायचं होतं. अशा माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. तरी पोरगा मेहनती होता, हेही सांगतो.

पुढच्या वर्षीच्या नाटकाची बैठक झाली तेव्हा तो म्हणाला, "काका, बुरा नका मानू. लोकं आता घरी बसून केबलवर फाइट पाहतात. आणि आपला हिरो फाइटच्या मध्येच बसून जातो."

"मी बसलो तेव्हा लोकं हसले की नाही?" यज्ञूने विचारलं.

"हसले. पण काका, ते तुमच्यावर हसले."

"मग काय खुर्चीवर हसतील?"

सुमीतचं म्हणणं होतं की रुचिरला हिरो करावं. रुचिर चोवीस वर्षांचा, नानाखेड्याच्या जिममध्ये जाणारा, उभा राहिला तर दाराएवढा आणि बोलला तर कोणाला ऐकू न येणारा. त्याने मान खाली घालून "मला काही घाई नाही," असं सांगितलं. पण पुढचं, म्हणजे १९९७ चं नाटक पंचविसावं. मंडळ रौप्यमहोत्सव करणार होतं, इंदूरहून पाहुणे येणार होते. त्या नाटकात हिरो कोण, हा खरा प्रश्न होता.

यज्ञूने स्वतःच शर्त सांगितली. "या वर्षी मी पूर्ण फाइट उभ्याने करून दाखवतो. बसणार नाही, पडणार नाही. शेवटी विलास पडेल, मी उभा असेन. झालं तर पंचविसावा हिरो मी. नाही झालं तर रुचिर. मंजूर?" सुमीतने ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. यज्ञूने त्याखाली सही केली. आपण कशावर सही करतो हे त्याला नोकरीमुळे नीट कळत होतं.

त्याला तो पंचविसावा हिरो मनापासून हवा होता. नोकरीत बढती थांबली होती, मुलगा पुण्याला गेला होता, आणि सरकार आता सगळं इलेक्ट्रॉनिक काटे करणार म्हणत होतं. पण हे काही तो बोलायचा नाही. तो फक्त पहाटे उठून क्षीरसागरच्या मैदानावर फेऱ्या मारू लागला. त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, त्याचं १९७३ चं चामड्याचं जाकीट दोन्ही बाजूंनी उसवून मध्ये कापड घातलं. त्या म्हणाल्या, "दम लागला तर बसून जा. सरकारी नोकरीतून तर कोणी काढत नाही ना त्याच्यासाठी?" उन्हाळाभर यज्ञूने रात्रीची पोळी सोडली होती, त्यामुळे तो तसाही कमी बोलायचा.

दम मात्र भलत्यालाच लागला. जूनमध्ये विलासला दमा निघाला. छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तोंडात उडवायचा पंप दिला. हे त्याने फक्त यज्ञूला सांगितलं आणि यज्ञूने मला, कारण प्रॉम्प्टरला ठाऊक असलेलं बरं. यज्ञू म्हणाला, या वर्षी दुसरा गुंड बघू. विलास चिडला. मी त्याला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"मला काय करायचं आहे? पडायचंच तर आहे! पडायला दम नाही लागत. आणि दुसरा कोणी तुझ्या हिशेबाने पडेल का? तुझी शर्त आहे, मालूम आहे ना?"

शेवटी भय्यासाहेबांनी मार्ग काढला. मारामारी मोजून वीस आवर्तनांची, म्हणजे तीन मिनिटांची केली. विलासने पंप पँटच्या खिशात ठेवायचा. तालमीत बारा वेळा वाजवून बघितलं. वीस आवर्तनांत विलासची शिट्टी सुरू व्हायची, पण तेवढ्यात तिहाई यायची आणि तो आडवा पडून सुखाने श्वास घ्यायचा.

आठव्या दिवशी सुमीतने इंदूरहून भाड्याने चार मोठे काळे स्पीकर आणले. दोन स्टेजजवळ, दोन हॉलच्या मागच्या टोकाला. भय्यासाहेबांच्या तबल्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा माइक आला. ते बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी माइककडे बघितलं आणि मला विचारलं, "हा खायला घालायचा आहे का?" माइकवर तालीम करायला वेळ नव्हता.

पहिले दोन अंक झकास झाले. वरणात मीठ पडलं. केतकीने आईपेक्षा चांगलं काम केलं, हे मी मीनाला कधी सांगणार नाही. तिसऱ्या अंकात यज्ञू पाटावर चढला, खाली बघितलं, हात जोडले. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, संभलके!" तो थांबला, त्या दिशेला मान लववून आभार मानले आणि उतरला. हॉलमध्ये जो हशा उसळला त्यात विलासची तीन वाक्यं बुडाली.

मग मारामारी. अठरा आवर्तनं अशी झाली की सांगता सोय नाही. सम आली की मुक्का, खाली आली की चुकवाचुकवी. मधे एकदा यज्ञूने मुक्का उगारला, विलास वाकला, आणि दोघांचीही कंबर एकाच वेळी धरली. दोघांनी एकमेकांना आधार देऊन सरळ केलं, "ठीक?" "ठीक," असं म्हटलं आणि पुढच्या समेवर पुन्हा हाणामारी. तालमीत असं काहीच नव्हतं. पहिल्या रांगेतले म्हातारे मांडीवर ताल धरायचं विसरून डोळे पुसत होते. विसाव्या आवर्तनात भय्यासाहेबांनी तिहाई घेतली.

ती समेवर आली नाही. एक मात्रा आधीच संपली.

चूक त्यांची नव्हती. तबल्याचा आवाज मागच्या स्पीकरमधून निघून भिंतीवर आपटून परत यायचा, आणि त्यांना आपलाच तबला दुसऱ्यांदा ऐकू यायचा. त्यात त्यांची मोजणी चुकली. तीनशे नव्वद लोकांना काही कळलं नाही. पहिल्या दोन रांगांना कळलं. आणि स्टेजवरच्या दोघांना कळलं. विलास पडला नाही. कसा पडेल? बेताल तिहाईवर पडला असता तर ते दहा म्हातारे म्हणाले असते, मोघेने मित्रावर दया केली. यज्ञूची शर्त फुकट गेली असती. तो मुठी वळून पुन्हा उभा राहिला.

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चार आवर्तनं सावरून दुसरी तिहाई घेतली. पुन्हा चुकली. आता घाबरून त्यांनी लय वाढवली. माझ्या हातात वही होती, पण वहीत पुढचं वाक्य गुंडाचं, 'कालू (पडून) : मेलो!' एवढंच होतं. तो पडत नव्हता तर मी काय सांगणार? मी हाताने भय्यासाहेबांना थांबा म्हणून खुणावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डोळे मिटून सम शोधत होते.

लोकांना वाटलं हे सगळं बसवलेलंच आहे. दोन पन्नाशीचे गृहस्थ घामाने निथळत एकमेकांभोवती फिरताहेत, मुक्का मारायच्या आधी एकमेकांची वाट बघताहेत, मुक्का चुकवला की 'शाबास' म्हणताहेत. हॉलमध्ये लोक खुर्च्यांवरून घसरत होते. यज्ञू उभा होता. त्याला दम लागला होता, पण सकाळच्या त्या फेऱ्या कामाला आल्या होत्या, तो आणखी पाच मिनिटं सहज उभा राहिला असता. त्याला फक्त उभं राहायचं होतं.

एकतिसाव्या का बत्तिसाव्या आवर्तनात विलास वळला आणि त्याच्या खिशातून पंप पडला. घरंगळत कोपऱ्यातल्या टेबलाखाली गेला. विलासने तो बघितला आणि तरी पुढच्या समेला मुठी वळून यज्ञूसमोर उभा राहिला. त्याची शिट्टी मला विंगेत ऐकू येत होती. तो यज्ञूपासून हातभर अंतरावर होता. ओठ निळसर झाले होते. काजळ गालांवर आलं होतं, त्यामुळे समोरच्यांना ओठांचा तो रंग दिसत नसावा.

भय्यासाहेब तिसऱ्या तिहाईची तयारी करत होते. यज्ञूने विलासच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि मग चौथ्या-पाचव्या मात्रेवर कुठेतरी, ना सम ना खाली, कोणी हात लावलेला नसताना, यज्ञेश्वर बोरगावकर धाडकन पडला.

पहिल्या रांगेतून "अरेरे!" असा आवाज आला. बाकीचा हॉल फुटला. हिरो न मारता पडला, यासारखा विनोद त्यांनी बघितला नव्हता. भय्यासाहेबांचा हात थांबला. विलास मुठी वळलेल्या अवस्थेत उभा राहिला. पडलेल्या यज्ञूने ओठ न हलवता म्हटलं, ते मला ऐकू आलं, "टेबलाखाली आहे. जा ना, मूर्खा."

गुंड रांगत टेबलाखाली गेला. हशा. टेबलाखालून दोनदा 'फुस् फुस्' आवाज आला. मग तर हशा थांबेचना. केतकीला काय झालं ते कळलं असावं, कारण तिने स्वयंपाकघरातला झारा उचलला, टेबलाखाली वाकून विचारलं, "संपलं का तुमचं?" आणि आतून हात बाहेर आल्यावर त्या हातावर हलकेच झारा मारला. भय्यासाहेबांनी एक थाप दिली. पडदा मी पाडला. माझ्या उभ्या हयातीत मंडळाच्या नाटकाला इतक्या टाळ्या पडलेल्या नाहीत.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मंडळाच्या माडीवर बैठक झाली. सुमीत रजिस्टर उघडून बसला, पण त्याला बोलवेना. "काका, नाटक तर सुपरहिट गेलं," तो म्हणाला. "लोकं अजून फोन करतात. माझं म्हणणं, शर्त राहू द्या."

"शर्त म्हणजे शर्त," यज्ञू म्हणाला. "मला दम लागला, मी पडलो. रुचिरला लिही."

त्याचा आवाज अगदी सरळ होता. दुकानदाराला वजन कमी भरतं म्हणून सांगताना असायचा तसा. मी त्याला चोवीस वर्षं वाक्यं पुरवली, पण हे वाक्य मला ऐकवत नव्हतं. मला उठून सांगायचं होतं, आणि मी बसून राहिलो. भित्रेपणाच तो.

विलास मागच्या खुर्चीवर होता. तो उठला. बैठकीत तो कधी बोलत नसे, म्हणून सुमीतला वाटलं पंखा लावायला उठला.

"ह्याला दम नव्हता लागला," विलास म्हणाला. "दम मला लागला होता. मला दमा आहे, जूनपासून. माझा पंप पडला होता आणि मी मूर्खासारखा तिहाईची वाट पाहत उभा होतो. हा माझ्यासाठी पडला."

भय्यासाहेब खाली बघत होते.

"तू बस ना यार," यज्ञू म्हणाला.

"मग तर काका, शर्तीचा प्रश्नच..." सुमीतने सुरुवात केली.

"शर्तीत लिहिलं आहे, पडायचं नाही," यज्ञू म्हणाला. "का पडला, ते नाही लिहिलेलं. रुचिर चांगला मुलगा आहे. लिही त्याचं नाव."

सुमीतने लिहिलं. रुचिरने उठून यज्ञूच्या पायांना हात लावला. यज्ञूने त्याला पाठीवर थाप दिली आणि पाटावरून उतरताना आधी डावा पाय टाकायचा, असं सांगितलं. मग सुमीतने पुढची ओळ घेतली आणि विचारलं, "खलनायक, विलासकाका. फाइट आपण छोटी करू, दोन मिनिटं. तबल्याला माइक नको. चालेल ना?"

"नाही," विलास म्हणाला.

"तुला तर कोणी काढलं नाही!" यज्ञू त्याच्यावर खेकसला. "पंचविसावं आहे. पाहुणे येणार आहेत."

विलासला बोलायची सवय नव्हती, म्हणून शब्द जमवायला वेळ लागला.

"मी तेवीस वेळा पडलो, ते तू नाटकात लिहिलं होतं," तो यज्ञूला म्हणाला. "तू एकदा पडलास, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आता मी दुसऱ्या कोणाच्या हातून नाही पडणार."

यज्ञू चष्मा काढून पुसत बसला. खलनायकापुढची जागा सुमीतने कोरी ठेवली. बैठक संपल्यावर दोघे बरोबरच उठले. माडीचा जिना अरुंद आहे. यज्ञू पुढे, विलास मागे, त्याचा हात यज्ञूच्या खांद्यावर, एकेक पायरी करत ते उतरले. मी त्यांच्या मागे होतो, म्हणून मीही सावकाश उतरलो.